सायफोनिक रूफ ड्रेनेज: जोराच्या पावसात गटर भरून वाहतंय पण पाईप मोकळे आहेत, तर काय काय तपासायचं

ही पोस्ट एकाच तक्रारीबद्दल आहे, कारण गोदामं, मॉल, फॅक्टरी शेड अशा मोठ्या छतांवर मला हीच तक्रार परत परत निस्तरावी लागते. सायफोनिक सिस्टीम, म्हणजे पाईप पूर्ण भरून छतावरचं पाणी ओढून नेणारी पद्धत, बसवलेली असते, सुरुवातीला छान चालते, मग एखाद्या मोठ्या पावसात छतावरचं गटर भरतं, पाणी आत उतरतं, माणूस बोलावून पाईप साफ करून घेतात, तो म्हणतो सगळं मोकळं आहे, बिल देऊन सगळे निर्धास्त होतात आणि पुढच्या मोठ्या पावसात परत तेच. पाईप खरंच मोकळे असतात, तो माणूस खोटं बोलत नसतो. लाईनमध्ये नको तिथून हवा शिरत असते, आणि ती कुठून शिरतेय हे कोणी बघितलेलंच नसतं.

लक्षणं

सगळ्यात ठळक म्हणजे हलक्या पावसात काहीच त्रास नाही आणि जोर वाढला की गटर भरत जातं, पातळी उतरतच नाही. चांगली सायफोनिक लाईन याच्या बरोबर उलट वागते. पाऊस वाढला की थोडा वेळ पाणी चढतं, मग सायफन पकडतो, म्हणजे पाईप पूर्ण भरून ओढ सुरू होते, आणि पातळी झपकन खाली जाते. तुमच्याकडे ही झपकन खाली जाण्याची पायरी येतच नसेल तर सायफन बसत नाहीये.

दुसरं, एकाच लाईनवर चार-पाच आउटलेट (गटरमधून पाणी पाईपात उतरतं ती तोंडं) आहेत, त्यातल्या एकापाशी पाणी जवळजवळ नाही आणि बाकीच्यांपाशी वीतभर साचलंय. अशा वेळी सगळे साचलेल्या आउटलेटकडे धावतात, मी आधी त्या कोरड्याकडे जातो, का ते पुढे सांगतो.

तिसरं म्हणजे आवाज. पाऊस सुरू होताना आणि ओसरताना गुडगुड आवाज होणारच, तेव्हा पाईपात हवा आणि पाणी मिसळून जात असतं, त्यात काही बिघाड नाही. पण गटर चांगलं भरलेलं असताना सुद्धा ग्लासातलं सरबत संपताना स्ट्रॉचा येतो तसा सुर्रर्र आवाज एकाच जागेवरून सतत येत असेल तर तिथून हवा ओढली जातेय. आणि ठोके पडल्यासारखा आवाज, सोबत पाईप हादरतोय, ब्रॅकेट कुरकुरतायत, तर प्रकरण गंभीर आहे, सरळ खाली 'कधी थांबायचं' तिथे जा.

पाऊस थांबून तास उलटले तरी आउटलेटभोवती पाणी उभं असेल तर ते साधं तुंबणं आहे, आणि एका अर्थी बरं, कारण ते सापडायला सोपं. जमिनीवरच्या चेंबरचं झाकण पावसात थडथडत असेल किंवा उचललं जात असेल तर दोष खालच्या बाजूला आहे. आणि आडव्या पाईपाखाली थेंब पडतायत एवढीच तक्रार असेल तर ते लीकेज आहे हे गृहीत धरू नका, कित्येकदा ते नुसतं दव असतं.

सिस्टीम चालते कशी, थोडक्यात

हे कळलं नाही तर पुढचे चेक का करायचे ते कळणार नाही म्हणून सांगतो. साध्या पावसाच्या पाईपात पाणी भिंतीला चिकटून उतरतं आणि मधे हवेचा खांब असतो, उभ्या पाईपाचा साधारण तिसरा हिस्साच पाण्याने भरलेला धरतात. सायफोनिक आउटलेटच्या तोंडावर एक चपटी प्लेट असते, बॅफल, ती पाण्याचा भोवरा होऊ देत नाही, म्हणजे वरून हवा आत जात नाही, पाईप पूर्ण भरतो, आणि मग उभ्या पाईपातलं खाली जाणारं पाणी मागच्या आडव्या पाईपातलं पाणी ओढत नेतं. म्हणून आडवा पाईप उतार न देता सरळ छताखालून नेता येतो आणि व्यास पण लहान चालतो. १९६० च्या दशकात फिनलंड-स्वीडनकडे ही पद्धत निघाली, आता जगभर मोठ्या छतांवर ही वापरतात, आणि ब्रिटनमध्ये तर त्यासाठी बीएस ८४९० नावाचं वेगळं स्टँडर्डच आहे.

आता यातली मेख अशी की सगळा जोर छत ते जमीन या उंचीतून येतो. दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार, आणि ती संपूर्ण ताकद डिझायनरने पाईपाच्या घर्षणात अगदी मोजून मापून वाटून टाकलेली असते. प्रत्येक तुकड्याचा व्यास, प्रत्येक बेंड हिशोबात असतं. त्यामुळे कुठेही कोणी 'थोडीशी सुधारणा' केली की तो हिशोब मोडतो, आणि मोडतो फक्त मोठ्या पावसात, इतर वेळी साध्या पाईपासारखं चालत राहतं म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

वर चढायच्या आधी

छतावर १०० मिमी पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो. पत्रा किंवा बीम खाली झुकलेला दिसतोय आणि वर पाणी उभं आहे, तर वर जायचं नाही, खालची माणसं आणि माल बाजूला काढायचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन लावायचा. पाऊस-वारा चालू असताना कोणालाच वर पाठवू नका. स्कायलाईटच्या शीटवर पाय देऊ नका, जुनी झाली की ती पत्र्यासारखीच दिसते पण माणसाचं वजन पेलत नाही. हार्नेस आणि दोन माणसं, एवढं तर हवंच.

आणखी एक, जे खूप कमी लोकांना माहीत असतं. साचलेल्या पाण्यात हात घालून आउटलेटवरचा कचरा काढू नका. कचरा सुटला की सायफन क्षणात पकडू शकतो आणि ओढ इतकी जबर असते की हात आउटलेटमध्ये अडकतो. लांब दांड्याचा आकडा वापरा, किंवा पाणी उतरू द्या.

१. जमिनीवर उभं राहून, फुकटात होणारं काम

कुठल्या पावसात झालं, कुठल्या बाजूला झालं, किती वेळ पाऊस पडल्यावर झालं, एवढं लिहून काढा. पडायला लागल्यावर पाच मिनिटांत ओव्हरफ्लो होतंय आणि दोन तासांनी होतंय यात फार फरक आहे, पहिल्यात बहुतेक वेळा आउटलेट किंवा हवेचा दोष असतो, दुसऱ्यात खालचं ड्रेन भरून येत असण्याची शक्यता जास्त. मग ॲज-बिल्ट ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्षात जसं बसवलं तसं दाखवणारं ड्रॉइंग, शोधा. ते नसेल तर मूळ काम केलेल्या कंपनीकडे मागा, आउटलेटची संख्या, व्यास आणि कुठला आउटलेट कुठल्या लाईनवर आहे हे त्याच्याशिवाय अंदाजाने ठरवावं लागतं आणि अंदाज चुकतो. ड्रॉइंगवर सहा आउटलेट आहेत आणि छतावर सात दिसतायत, तर अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

२. खालचा चेंबर

छतावर चढायच्या आधी हा बघा, कारण लोक हाच शेवटी बघतात. सायफोनिक लाईन जमिनीपाशी संपते, तिथून पुढे मोठ्या व्यासाच्या साध्या ड्रेनमध्ये पाणी जातं, आणि तिथे हवेला बाहेर पडायला वाट लागते. चेंबरमध्ये गाळ भरलाय, पुढचा पाईप तुंबलाय, किंवा पाणी साठवणीच्या टाकीत सोडलंय आणि टाकी भरल्यावर तिचा ओव्हरफ्लो पाईप अगदी बारीक आहे, तर पाणी मागे चढतं. मागे जितकं चढेल तितकी उंची वाया गेली, आणि उंची हीच या सिस्टीमची ताकद आहे. शिवाय कोणीतरी वास येतो म्हणून जाळीचं झाकण काढून हवाबंद झाकण बसवलेलं असतं, मग कोंडलेली हवा ते झाकण उचलते किंवा पाण्याला अडवते.

झाकण उघडून वरून टॉर्चने बघा, चेंबरच्या भिंतीवर गाळाची रेघ पाईपाच्या तोंडाच्या वर असेल तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. आत उतरू नका. चेंबरमध्ये विषारी वायू असू शकतो किंवा ऑक्सिजन कमी असू शकतो, ते परवानगी आणि गॅस मीटर असलेल्या लोकांचं काम आहे.

३. गटर आणि जाळ्या

आता वर. सगळ्यात जास्त केसेस इथेच आणि पुढच्या चेकमध्ये सुटतात.

पानं, शेवाळ, धूळ हे नेहमीचं, पण मोठ्या इमारतींवर खरा शत्रू असतो तो प्लास्टिकची फिल्म. पॅलेटला गुंडाळतात ती, इन्सुलेशनच्या शीटवरची, नवीन मशीनच्या खोक्यातली. कोरड्या दिवशी ती गटरच्या कोपऱ्यात गोळा होऊन पडलेली असते, निरुपद्रवी दिसते, पण पाणी भरलं आणि ओढ सुरू झाली की तरंगत येते आणि जाळीला अशी चप्प बसते की नखाने पण सुटत नाही. पाऊस थांबला, ओढ गेली, की सुटते आणि वाऱ्याने परत कोपऱ्यात. म्हणून दुसऱ्या दिवशी बघणाऱ्याला आउटलेट स्वच्छ दिसतो! तुमच्या गटरमध्ये अशी एकच फिल्म सापडली तरी ती संशयित धरा. छतावर काम करून गेलेल्या लोकांचे स्क्रू, पत्र्याचे तुकडे, सिलिकॉनच्या रिकाम्या नळ्या, कबुतरांची घरटी, हे सगळं पण निघतं.

साफ करताना कचरा गोणीत भरून खाली आणायचा, आउटलेटमधून आत ढकलायचा नाही. सायफोनिकमध्ये आउटलेटखालचा उभा तुकडा बारीक असतो, साध्या पाईपातून जो कचरा वाहून गेला असता तो इथे बेंडला अडकतो, आणि मग जे काम दोन माणसांनी झाडूने झालं असतं त्यासाठी कॅमेरा आणि जेटिंग (जोराच्या दाबाने पाणी मारून पाईप साफ करणं) लागतं. वर्षातून किमान दोनदा, शिवाय छतावर कुठलंही काम झालं की लगेच, आणि झाडं जवळ असतील तर अजून जास्त वेळा हे करा.

साफ करण्याआधी गटरच्या आतल्या भिंतीवरची मळाची रेघ मोबाईलमध्ये टिपून ठेवा, प्रत्येक आउटलेटपाशी. ही रेघ म्हणजे मागच्या मोठ्या पावसात पाणी कुठवर चढलं त्याची नोंद आहे. धुवून टाकली की गेली. एका टोकाला रेघ चार बोटं आणि दुसऱ्या टोकाला गटरच्या काठाला टेकलेली, तर पाणी सगळ्या आउटलेटमधून सारखं ओढलं जात नाहीये हे कॅमेरा न लावता कळलं.

४. बॅफल

माझ्या अनुभवात मोकळे पाईप आणि तरी ओव्हरफ्लो या जोडीमागे सगळ्यात जास्त वेळा बॅफल निघतो, म्हणून इथे घाई करू नका, प्रत्येक आउटलेटपाशी गुडघ्यावर बसून बघा.

जाळी आणि बॅफल या दोन वेगळ्या वस्तू आहेत, काही मॉडेलमध्ये एकत्र येतात. जाळी कचरा अडवते. बॅफल हवा अडवतो. साफसफाई करणारा माणूस जाळी काढतो, खाली ती चपटी प्लेट दिसते, त्याला वाटतं ही पाण्याच्या वाटेत आडवी आलीय, ती पण काढतो, हाताने गाळ काढतो, आणि जाळी परत बसवून निघून जातो. वरून बघणाऱ्याला सगळं जागेवर दिसतं. प्लेट मात्र गटरच्या कडेला चिखलात पडलेली असते, नाहीतर भंगारात गेलेली असते. तेव्हा जाळी उचलून आत बघितल्याशिवाय बॅफल आहे असं समजू नका.

असला तरी नीट बसलाय का बघा. नट घट्ट आहेत का, वॉशर किंवा स्पेसर जागेवर आहेत का, प्लेट एका बाजूला वाकलीय का. प्लेट आणि आउटलेटच्या कडेमधली फट ठरलेली असते, दहा मिमीचा फरक सुद्धा पुरतो. पाय पडून दबलेली असेल तर पाणी कमी जातं, एका बाजूने उचललेली असेल तर तिथून भोवरा होऊन हवा जाते. वेगवेगळ्या साईझच्या आउटलेटचे बॅफल दिसायला सारखे असतात आणि साफसफाईत अदलाबदल होतात, त्यामुळे ड्रॉइंगशी ताडून बघा. हरवला असेल तर त्याच मेकचा, त्याच मॉडेलचा मागवा, फॅब्रिकेटरकडून साधारण तसाच कापून घेतलेला चालत नाही कारण तो आउटलेट टेस्ट करून त्याची क्षमता ठरवलेली असते ती त्याच प्लेटसकट.

आता मगाशी राहिलेलं, त्या कोरड्या आउटलेटचं. एका लाईनवर पाच आउटलेट आहेत आणि एकाचा बॅफल नाही. त्या आउटलेटमधून हवा सहज आत येते, आणि पाईपाला जिथून ओढायला सगळ्यात सोपं तिथून तो ओढतो, हवा ओढायला पाण्यापेक्षा कितीतरी सोपी. मग बाकी चौघांची ओढच संपते आणि ते साध्या बारीक पाईपासारखे थेंबथेंब काढत राहतात. एका आउटलेटचा दोष, पाणी साचतं बाकी चौघांपाशी, आणि लोक चार दिवस त्या चौघांत सळ्या घालत बसतात.

छताला नवीन वॉटरप्रूफिंग झालं असेल तर तेही इथेच बघा. नवीन थराने आउटलेटभोवतीचा खोलगट भाग भरून टाकलाय का, मेम्ब्रेनची कड प्लेटखाली घुसलीय का, रंगाच्या कोटिंगने जाळीची भोकं बुजलीत का.

५. छतात काय बदललं?

इमारत सांभाळणाऱ्यांना सरळ विचारा, सिस्टीम बसल्यानंतर छतावर काय काय झालं. शेजारी नवीन शेड बांधून त्याचं पाणी या गटरमध्ये सोडलं का, गटर मधेच पार्टिशन घालून तोडलं का, एखादा आउटलेट बंद केला का.

हिशोब सोपा आहे. एक मिमी पाऊस एका चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. १,००० चौरस मीटर छत आणि तासाला १०० मिमी पाऊस धरला तर तासाला एक लाख लिटर, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ लिटर. ड्रॉइंगवर लाईनची क्षमता लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. छत वाढलं असेल आणि आकडा क्षमतेच्या वर जात असेल तर बाकी काही दुरुस्त करून उपयोग नाही.

उलटं पण होतं, ते लोकांना पटत नाही. क्षेत्रफळ खूप कमी झालं तर पाईप भरायलाच पुरेसं पाणी येत नाही आणि सायफन पकडत नाही. आणि खालच्या-वरच्या पातळीवरची दोन छतं, किंवा एक पत्र्याचं आणि एक मातीचा थर असलेलं हिरवं छत, एकाच लाईनला जोडलं असेल तर एकाकडून पाणी लगेच येतं, दुसऱ्याकडून उशिरा, तोवर उशिरा येणाऱ्याकडून हवा जात राहते. हा डिझाईनचाच दोष, साफसफाईने जाणार नाही.

६. आतल्या पाईपाखालून चालत जा

टॉर्च घ्या आणि आउटलेटपासून उभ्या पाईपापर्यंत पूर्ण लाईन खालून बघा. काय शोधायचं? सगळ्यात आधी परका पाईप. एसीच्या पाण्याची बारीक नळी, कुठल्यातरी बाल्कनीचं ड्रेन, वास जाण्यासाठी कोणीतरी काढलेला व्हेंट. जवळून पावसाचा पाईप जातोय म्हटल्यावर एसीवाल्याने भोक पाडून नळी घुसवलेली मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता आधी तेच शोधतो. ती नळी म्हणजे सायफनला कायमचं पडलेलं भोक. काढा, आणि भोक एचडीपीईच्या (हे पाईप ज्या प्लास्टिकचे असतात ते) वेल्डिंगने बुजवून घ्या, सिलिकॉन आणि टेप ओढीपुढे टिकत नाही.

दुसरं, बदललेला तुकडा. कधीतरी दुरुस्तीत कोणी 'जास्त पाणी जाईल' म्हणून मोठ्या व्यासाचा तुकडा टाकलेला असतो, आणि ही चूक फार मन लावून केलेली असते म्हणून पटवून द्यायला वेळ लागतो. मोठा पाईप भरायला जास्त पाणी आणि जास्त वेळ लागतो, वेग पडतो, हवा वाहून जात नाही, आणि सायफन उशिरा पकडतो किंवा पकडतच नाही. आडव्या पाईपात व्यास बदलताना रिड्यूसर (दोन व्यासांचे पाईप जोडणारा तुकडा) वरची बाजू सपाट राहील असा बसवायचा असतो, नाहीतर तिथे हवेचा फुगा अडकून राहतो. आणि आडव्या पाईपाला उतार नाही म्हणून तो चुकीचा बसवलाय असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तो तसाच असतो.

तिसरं, जॉइंट. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. भर पावसात सायफन चालू असताना आडव्या पाईपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तडा गेलेला जॉइंट बाहेर गळतच नाही, तो आत हवा ओढतो. थेंब पडतात ते पाऊस हलका असताना किंवा थांबल्यावर. म्हणून 'एवढ्या मोठ्या पावसात थेंब नाही पडला म्हणजे जॉइंट ठीक' हा तर्क इथे उलटा पडतो. उभ्या पाईपाच्या तळाशी मात्र दाब जास्त असतो, तिथला जॉइंट बाहेर गळतो.

ब्रॅकेट बघा. एचडीपीई उष्णतेने खूप लांबतो, मीटरमागे दर एका अंशाला साधारण ०.२ मिमी, म्हणजे २० मीटरचा पाईप ३० अंशांच्या फरकात १२० मिमी. हे ताणणं रेल आणि अँकर ब्रॅकेट अडवून धरतात. एखादं अँकर निसटलं की पाईप नागमोडी होतो आणि जॉइंट ओढले जातात. पाईप कुठे चपटा झालेला दिसला तर पातळ भिंतीचा पाईप वापरलाय आणि तो आतल्या ओढीने दबतोय, तो तुकडा बदलावाच लागेल.

दवाचं मात्र लगेच कळतं. पाईप कापडाने कोरडा पुसा आणि थोड्या वेळाने बघा. लांबभर बारीक थेंब परत जमले तर आत थंड पाणी आणि बाहेर दमट गरम हवा, इन्सुलेशन हवं. एकाच जॉइंटपाशी पाणी आलं तर लीकेज.

७. होजने पाणी सोडून बघणं

हे कराच, पण यातून काय कळतं आणि काय नाही ते माहीत असू द्या. साधा होज सेकंदाला अर्धा लिटरभर पाणी देतो, आणि एका मोठ्या आउटलेटची क्षमता सेकंदाला दहा-बारा लिटर असू शकते. होजने पाणी उतरलं म्हणजे आउटलेट पूर्ण बंद नाही, एवढंच सिद्ध झालं. सायफन चालतो की नाही हे होजने कधीच कळणार नाही. 'पाईप मोकळे आहेत' हा रिपोर्ट बहुतेक वेळा याच टेस्टवर दिलेला असतो.

पाणी होजचं सुद्धा तुंबत असेल तर सीसीटीव्ही कॅमेरा घालून घ्या. हे पैशांचं काम आहे म्हणून इतक्या उशिरा सांगतोय, पण सळी घालण्यापेक्षा शंभर पटीने बरं. जेटिंग करायचंच असेल तर एचडीपीईवर काम केलेल्या माणसाकडून, कॅमेऱ्याने आधी जागा बघून, आणि प्रेशर पाईप बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

चेक १ ते ७ करूनही मोठ्या पावसात पातळी चढतेच, तर पुढचं काम सायफोनिकचं डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरचं आहे, साध्या प्लंबरचं नाही, तो कितीही हुशार असला तरी. छत किंवा गटर झुकलेलं दिसलं, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, ड्रेनेजवाला नंतर. ठोके पडतायत, पाईप हादरतोय, ब्रॅकेट निसटलीत किंवा पाईप चपटा झालाय, तर हात लावू नका आणि पाईपाखालून वावर बंद करा, पाण्याने भरलेली लांब लाईन पडली तर वजन प्रचंड असतं. उणा दाब फार वाढला की पाण्यातच वाफेचे बुडबुडे होऊन फुटायला लागतात, तो आवाज ठोक्यांसारखा येतो आणि पाईप आतून खराब होतो, हे हिशोब परत मांडूनच सुटतं.

आउटलेट वाढवणं, बंद करणं, हलवणं, व्यास बदलणं, यातलं एकही काम हिशोब परत केल्याशिवाय कोणाला करू देऊ नका. एक आउटलेट वाढवला की पूर्ण लाईनचा तोल बदलतो, आणि नवीन आउटलेटपाशी छान ओढ लागते व जुने हवा ओढायला लागतात. घाईत तात्पुरता उपाय हवाच असेल तर गटरला बाहेर पाणी सोडणारा ओव्हरफ्लो काढून घ्या, तो मुख्य लाईनला जोडायचा नाही, वेगळाच ठेवायचा, म्हणजे निदान पाणी इमारतीत न येता बाहेर पडेल. खरं तर प्रत्येक छताला तो आधीपासून असायलाच हवा.

सगळे आउटलेट बुचाने बंद करून, गटरमध्ये पाणी भरून, एकदम सोडायची फुल टेस्ट असते, सायफन खरंच पकडतो का ते तिच्यातच दिसतं. ती स्वतः करू नका. गटरमधलं तेवढं पाणी स्ट्रक्चर पेलतं का याची लेखी खात्री आधी लागते, आणि बुचं काढताना ओढीचा धोका वर सांगितलाच आहे.

इंजिनिअर येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायला एवढं तयार ठेवा: ड्रॉइंग, मळाच्या रेघेचे फोटो, प्रत्येक जाळी उचलून काढलेले बॅफलचे फोटो, छतावर झालेल्या बदलांची यादी तारखांसकट, आणि कॅमेऱ्याचं फुटेज केलं असेल तर ते. काम झाल्यावर त्याच्याकडून नवीन हिशोबाची प्रत मागून घ्या, तिच्यात प्रत्येक आउटलेटचा प्रवाह आणि लाईनमधला सगळ्यात कमी दाब कुठे आणि किती हे लिहिलेलं असलं पाहिजे. आणि छतावर प्रत्येक आउटलेटशेजारी नंबर रंगवून त्याखाली 'आतली प्लेट काढू नये' एवढं मोठ्या अक्षरात लिहून टाका, साफसफाईच्या ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये पण हीच ओळ घाला.